कुंडीतले निदण

रानफुलाला कुंडीत जागा द्यावी काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी फावल्या वेळातील छंदाचा वाटेल. ज्या झाडाला पेरणारा धनी नाही, बाजारात ज्याला किंमत नाही आणि वेदीपासून दिवाणखान्यापर्यंत ज्याला कोणी विचारीत नाही, त्याच्यासाठी वऱ्हाडातील वैशाखात माती, पाणी आणि सावली खर्च करण्यात कोणते शहाणपण आहे, असे एखादा व्यवहारी गृहस्थ सहज विचारील. परंतु या लहानशा प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो लहान नाही. एखादी गोष्ट निरुपयोगी किंवा घातक आहे असा निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो? तिची ओळख पटण्याआधी की पटल्यानंतर? आणि ओळख पटेपर्यंत थांबायचे, तर त्या थांबण्याची किंमत कोणी मोजायची?

संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला निदणाचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो असे नाही. पण ज्या वर्षी तो मिस्सेत वाचला जातो, त्या वर्षी तो बहुधा ऐन पावसाळ्यात, निंदणीच्या दिवसांत येतो. एका मनुष्याने आपल्या शेतात चांगले बी पेरले. लोक झोपेत असताना वैऱ्याने येऊन गव्हात निदण पेरले. पीक निसवले तेव्हा दोन्ही रोपे वेगवेगळी दिसू लागली. चाकर धावत धन्याकडे आले आणि निदण उपटू काय म्हणून विचारू लागले. धन्याने त्यांना थांबविले. निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, असे त्याने सांगितले.

पॅलेस्टाईनच्या शेतात उगवणारे हे निदण म्हणजे गव्हाशी विलक्षण साम्य असलेले एक गवत होय. ओंबी बाहेर पडेपर्यंत मुरलेला शेतकरीही दोहोंत सहज फरक करू शकत नाही, आणि तोवर दोघांची मुळे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात. धन्याचा हुकूम भाबड्या क्षमेतून आलेला नाही. तो शेतीच्या जाणकारीतून आलेला आहे. निदण चांगले आहे असे तो म्हणत नाही. उपटण्याची वेळ आणि उपटणारा हात, हे दोन्ही त्याला अजून योग्य वाटत नाहीत.

आपल्या वऱ्हाडात हा दाखला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कपाशीची आणि सोयाबीनची शेते पावसाळ्यात निंदणाने भरून जातात, आणि निंदण-खुरपणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती आहे. निंदण आणि निंदा या शब्दांची कुळे वेगळी, पण कानाला ते सख्खे शेजारी वाटतात. नवल असे की प्रत्यक्ष निंदणाऱ्या बाईच्या हातात निंदा फारच थोडी असते. ती ओळीने बसते, उजव्या हाताने विळा चालवते आणि डाव्या हाताने निवडते. तरोट्याचे कोवळे शेंडे ओच्यात जातात, कुर्डूची पाने ओच्यात जातात, केन्याची भाजी ओच्यात जाते; उरलेले बांधावर पडते. शेतमालकाच्या लेखी जे सरसकट तण, त्यातून तिच्या घरची संध्याकाळची भाजी निघते. नवख्या रोपाचे नाव विचारले तर अशी बाई पुष्कळदा म्हणते, "थांब ना माय, फूल येऊ दे त्याले, मंग सांगतो." या एका वाक्यात वनस्पतिशास्त्राचा पाया आहे आणि बहुधा नीतिशास्त्राचाही.

शास्त्रज्ञांचा नियम याहून वेगळा नाही. १७५३ साली लिनियसने वनस्पतींची जी वर्गवारी ग्रंथरूपाने मांडली ती फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून. नुसत्या पानांची फांदी घेऊन गेल्यास आजही जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञ नाव सांगायला कचरतो. फूल किंवा फळ आणा म्हणतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जाणारा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १९०३ साली मुंबईत आले आणि १९३४ साली याच देशाच्या मातीत विसावले. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी वर्षानुवर्षे खंडाळ्याच्या घाटात फिरून तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला; तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याचा संसाराला काही उपयोग नाही अशा गवताच्या काडीसाठी पुन्हा पुन्हा तोच डोंगर चढणारा धर्मगुरू आपल्या व्रताबाहेर काही करीत होता, असे मला वाटत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देव प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि तो त्यांना कोणती नावे देतो हे पाहतो. नाव देण्याआधी समोर आणणे आहे, पाहणे आहे. न पाहता दिलेले नाव हे नाव नसते, तो शिक्का असतो.

वऱ्हाडच्या वाट्याला असे ग्रंथ उशिरा आले. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, पण वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. १९०३ पासून ते मध्यप्रांताला जोडलेले होते. म्हणून येथील रानफुलांचे ज्ञान दीर्घकाळ ग्रंथांपेक्षा निंदणाऱ्या बायकांकडे, गुराख्यांकडे आणि मेळघाटातील कोरकू बांधवांकडे अधिक राहिले. १९६९ साली अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर तणांचा शास्त्रीय अभ्यास जिल्ह्याच्या दारात आला, तरी ज्या बाईने ते तण हजार वेळा हातात धरले तिची ओळख वेगळ्याच जातीची. आज मोबाईलवर फुलाचे छायाचित्र काढले की क्षणात नाव मिळते. ती सोय वाईट नाही. पण वाट पाहण्याचे श्रम त्यात वजा झालेले असतात, आणि या लेखाचा विषय नेमका तेच श्रम आहेत.

म्हणूनच कुंडी. शेतात थांबणे सर्वांना परवडत नाही, कुंडीत परवडते. एक हात लांबीच्या मातीत आपण निवाडा काही महिने पुढे ढकलू शकतो, आणि त्यात कोणाचे पीक बुडत नाही. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कुंडीतील रोप जगविणे ही सोपी गोष्ट नव्हे. २०२० च्या मे अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता, आणि पंचेचाळिशी ओलांडणे तर अकोला-अमरावतीला नित्याचेच झाले आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत दुपारी गच्चीवर उघड्या पायाने उभे राहवत नाही. तेथे कुंडीतल्या मुळांनी काय करावे?

जमिनीत असलेल्या झाडाची मुळे खाली, गारव्याकडे जाऊ शकतात. कुंडीतल्या झाडाला ती वाट बंद असते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या भिंती तापतात आणि कडेची बारीक मुळे अक्षरशः शिजतात. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचीही तीच गत. त्याला निदान ओले बारदान गुंडाळावे लागते. यात गरिबाची मातीची कुंडीच श्रेष्ठ ठरते. माठातले पाणी ज्या कारणाने थंड राहते त्याच कारणाने तिच्यातली माती थंड राहते: भिंतीतून ओल झिरपते, वाऱ्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. लहान कुंडी मोठ्या मातीच्या भांड्यात ठेवून मधल्या फटीत वाळू भरली आणि ती वाळू ओली ठेवली, तर हा गारवा दुप्पट होतो.

आपल्या काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. ओली झाली की ती फुगते, सुकली की आक्रसते. शेतात तिला भेगा पडतात. कुंडीत ती कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने निघून जाते. आपण समाधानाने पाणी दिले असे मानतो आणि मुळांना थेंबही मिळालेला नसतो. दान आणि दानाचा देखावा यांतला भेद समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. उपाय साधे आहेत. मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे, वर वाळल्या पानांचा थर पसरावा, आणि कुंडी कधीमधी पाण्याच्या पाटीत ठेवून तिला खालून हळूहळू पाणी पिऊ द्यावे. पाणी सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यानंतर द्यावे. दुपारची सावली मिळेल अशा पूर्वेच्या भिंतीशी कुंड्या ठेवाव्यात.

आणखी एक अडचण पूर्णेच्या खोऱ्यातील लोकांना सांगायला नको. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते कुंडीत घातले की काही आठवड्यांत कुंडीच्या बाहेरून पांढरा थर दिसू लागतो आणि पानांच्या कडा करपतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तसेच होते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून दाट होत जातात. ते पाणी झाडांना देताना चांगले पाणी त्यात मिसळावे लागते. तरीही कोणत्याही वऱ्हाडी घराच्या मागे, कूलरच्या ताट्यांखाली जिथे पाणी ठिबकते तिथे, ऐन मे महिन्यात कोणी न लावलेला केना हिरवागार उभा असतो आणि सकाळी त्याला निळी फुले येतात. दुपार होईतो ती मिटतात.

पाण्याचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. अकोल्याला काटेपूर्णेच्या धरणातून पाणी येते, अमरावतीला ऊर्ध्व वर्धेतून. उन्हाळा कडक झाला की नळाची वाट पाहण्याचे दिवस वाढतात आणि खेड्यांत टँकर येतात. अशा वेळी बिनकामाच्या रोपाला पाणी घालणे हा शेजाऱ्यावर अन्याय नव्हे काय? मला वाटते, याला एकच प्रामाणिक उत्तर आहे. जे पाणी माणसाच्या एका कामी आले आहे तेच दुसऱ्यांदा झाडाकडे जावे: डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, हात विसळलेले. ज्या घरात असे पाणीही उरत नाही तेथे कुंडी पावसाळ्यापर्यंत कोरडी ठेवावी. त्याने नुकसान होत नाही, कारण पुष्कळ रानफुलांचे बी कोरड्या मातीत धीराने पडून राहते.

उन्हाळ्यातही थोडी सोबत मिळतेच. चिवळ घ्या. बाकी भाज्या माना टाकतात त्या दिवसांत अमरावती-अकोल्याच्या बाजारात चिवळीच्या जुड्या येतात. कुंडीत तिचे चार तुकडे मातीला लावले तरी ती पसरते. सांध्यासांध्याला मुळे फुटतात, आणि बारीक पिवळी फुले येतात. तिच्याच कुळातली घोळ थोडी थोराड, मांसल पानांची. तिचे फूल उन्हे वर येताच उमलते आणि काही तासांत मिटते. तिच्या फळाचे झाकण डबीसारखे वरचेवर निघते आणि आत काळे बारीक बी दिसते. या दोघींच्या शेजारी, तशीच जमिनीला चिकटून, दुधीची बारीक पानेही पसरतात. दुरून तिन्ही सारख्या. मग ओळखायचे कसे? देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती दुधी, भाजीत जाणारी नव्हे. लहान मुलांना हे शिकवावे. त्यांना खेळ वाटतो आणि डोळा तयार होतो.

भुईरिंगणी नदीच्या कोरड्या पात्रात ऐन उन्हात जांभळी फुले घेऊन पसरते. सारे अंग काट्यांचे, पण फुलाचा रंग असा की मे महिन्यात मारियामातेच्या वेदीवर ठेवावा. आणि सर्वांत मोठी परीक्षा घेतो तो रानकांदा. उन्हाळ्यात त्याच्या कांद्यातून एकही पान नसलेला उंच दांडा वर येतो आणि त्याला फिकट फुले लागतात. फुले गेली, दांडा वाळला, की महिनाभर कुंडीत काहीच नसते. पाऊस पडल्यावर पाने येतात, आणि तेव्हा फुलाची खूणही उरलेली नसते. ज्याने वैशाखात पाहिले त्याला पाने ठाऊक नाहीत. ज्याने श्रावणात पाहिले त्याला फूल ठाऊक नाही. दोन्ही ऋतूंत त्याच कुंडीकडे पाहणाऱ्यालाच रानकांदा पुरता ओळखतो. माणसेही काही अशीच असतात. ज्यांचा उन्हाळा आपण पाहिला आणि पावसाळा पाहिला नाही, अशा किती जणांविषयी आपण ठाम मते बाळगून आहोत?

येथपर्यंत सारे धीराच्या बाजूने झाले. आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एक गोड उपदेश होऊन बसेल.

१९५५ च्या सुमारास पुण्यात एक परदेशी तण प्रथम नोंदले गेले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ते देशभर पसरलेले आहे. अंगाला लागले की अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठतो, परागकणांनी दमा बळावतो, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि एक झुडूप हजारो बिया टाकते. कोवळेपणी त्याची पाने गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानांसारखी दिसतात. म्हणून कुंडीत उगवले तर हौशी माणूस शेवंती आली म्हणून पाणी घालतो. याच्या बाबतीत फूल येईपर्यंत थांबा, असे सांगणारा माणूस शेजाऱ्याचा अपराधी ठरेल. कृषितज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे: फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

पिवळा धोतरा, ज्याला बिलायत म्हणतात, त्याचेही असेच. ओसाड जागी त्याची पिवळी फुले सुरेख दिसतात. पण त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि ते मोहरीत मिसळून तेल काढले की ते तेल विष होते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली. दोन काळ्या दाण्यांतला भेद न ओळखणे, किंवा ओळखूनही लोभापोटी न सांगणे, याची ती किंमत होती.

मग दाखल्यातल्या धन्याचे काय? तो चुकला काय? या दोन गोष्टींचा मेळ मला असा बसतो. धन्याने चाकरांना थांबविले, कारण त्यांचा आवेश त्यांच्या ओळखीपेक्षा मोठा होता. गाजरगवत आपण फुलण्याआधी उपटतो, कारण ते फुललेले आपण आधी पाहिलेले आहे. कित्येक दशकांच्या अनुभवाने ते आपल्याला कोवळेपणीही ओळखू येते. तेथे थांबण्याचे कर्तव्य दुसऱ्यांनी आधीच पार पाडले आहे. म्हणजे उपटण्याचा अधिकार ओळखीतून येतो, रागातून येत नाही. आणि ओळख कोणीतरी, केव्हातरी, धीराने थांबूनच मिळविलेली असते. जो कधीच थांबला नाही त्याला उपटण्याचाही अधिकार नाही. जो ओळखूनही उपटत नाही, तो दयाळू नव्हे, आळशी आहे.

परकेपणा ही तर ओळख मुळीच नव्हे. गाजरगवत बाहेरून आले म्हणून वाईट, असे म्हणावे तर एकदांडीचे काय? तीही अमेरिका खंडातूनच आलेली. पण खेळताना गुडघा फुटला की आपल्याकडची पोरे तिचा पाला चोळून रस लावतात आणि तिला आपलीच मानतात. बिलायत या नावातच परदेश आहे, पण त्याचा दोष त्याच्या बियात आहे, गावात नाही. कोण कोठून आले यावर निवाडा देणे सर्वांत सोपे, म्हणून सर्वांत अविश्वसनीय.

गाजरगवतावरच्या उपायांतला एक मला फार बोलका वाटतो. उपटणे पुरेसे पडत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकावे, असे सांगितले जाते. तरोटा दाट उगवतो आणि गाजरगवताला जागाच उरू देत नाही. ज्याला आपण तण म्हणून निंदले तेच दुसऱ्या, खऱ्या शत्रूला हटविते. संत पौलाने रोमकरांना लिहिताना वाइटाला चांगल्याने जिंकण्याचा जो मार्ग दाखविला, त्याचा हा मातीतला अर्थ म्हणता येईल. नुसती मोकळी केलेली जागा मोकळी राहत नाही. तेथे काय पेरले, हे महत्त्वाचे.

शेतकऱ्याला मात्र कुंडीवाल्याने उपदेश करू नये. निंदणीची मजुरी वाढली, मजूर मिळेनासे झाले, आणि पावसाची झड लागली की आठ दिवसांत कपाशी तणात बुडते. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचे, सरकारची परवानगी नसलेले बियाणे जाहीरपणे पेरले, ते याच अगतिकतेतून. त्यांच्या अडचणीला माझ्याजवळ उत्तर नाही. एवढे मात्र दिसते की तणनाशकाच्या फवाऱ्याला डावा हात नसतो. तो तरोटा, केना, कुर्डू आणि गाजरगवत यांत निवड करीत नाही. निंदणाऱ्या बाईबरोबर तिची ओळखही शेतातून निघून जाते, आणि ती एकदा गेली की कोणत्या विद्यापीठातून परत आणायची? निदान काही नावे कुंड्यांत, घराघरांत टिकावीत, ही अपेक्षा म्हणूनच भाबडी नाही.

आता सर्वांत कठीण भागाकडे येऊ. रोपांविषयी जे म्हटले ते माणसांना लावायचे काय? १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. पारधी समाज त्या शिक्क्याखाली भरडला गेला. मूल पाळण्यात असतानाच त्याचा निवाडा झालेला असे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण वऱ्हाडातल्या गावांत चोरी झाली की पहिली नजर आजही पारधी बेड्याकडे वळते. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'प्रश्नचिन्ह'. या नावाचा रोख आपल्याकडे आहे. ज्या मुलाला फुलायला ऋतूच दिला नाही त्याला निदण कोणत्या पुराव्यावर म्हटले?

येथे रोप आणि माणूस यांतला भेद लक्षात ठेवला पाहिजे, आणि तो माणसाच्या बाजूचा आहे. गाजरगवत कधी शेवंती होत नाही. माणूस होतो. निदणाच्या दाखल्यावर लिहिताना संत ऑगस्टीन यांनी हेच निदर्शनास आणले की आरंभी निदण असलेले पुष्कळ जण पुढे गहू होतात, आणि त्यांना वेळ दिला नाही तर ते त्या स्तुत्य बदलापर्यंत पोहोचणारच नाहीत. ३८७ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वीचे स्वतः ऑगस्टीन यांचे आयुष्य ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा विचार पुस्तकी वाटणार नाही. त्यांची माता मोनिका कित्येक वर्षे थांबली होती. म्हणून गाजरगवताला लागू होणारा नियम माणसाला लागू होत नाही. माणसाच्या कृत्याला आवर घालता येतो, घातलाच पाहिजे. पण माणसाच्या अंतिम ओळखीची कापणी धन्याने स्वतःकडे ठेवली आहे.

याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे घेऊन गावोगाव फिरले. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांनी आयुष्यभर झाडले, पण झाडला तो कचरा आणि अज्ञान. ज्याला गावाने उकिरड्यावर टाकले होते त्या माणसाला त्यांनी पंगतीत बसविले. काय झाडायचे आणि काय जवळ करायचे याची निवड खराटा हातात असणाऱ्याला अधिक करावी लागते.

असिसीच्या संत फ्रान्सिसविषयी सांगतात की मठाच्या बागेचा एक भाग न नांगरता तसाच ठेवावा, तेथे रानातली फुले आणि वनस्पती आपापल्या उगवाव्यात आणि पाहणाऱ्याचे मन निर्मात्याकडे वळावे, अशी त्यांची इच्छा असे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणाविषयी काढलेल्या परिपत्रात या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला. मठाची सारी बाग फ्रान्सिसने रानाला दिली नव्हती; बंधूंना भाजी लागतच होती. त्यांनी एक भाग राखला. आपल्या सदनिकांत आणि चाळींत बाग नाही, तेव्हा तो भाग एका कुंडीएवढा असला तरी चालेल.

ज्या कुटुंबांना शक्य असेल त्यांनी शेताच्या बांधावरची ओंजळभर माती एका मातीच्या कुंडीत घालावी आणि त्यात काही पेरू नये. मृगाच्या सरी आल्या की जे उगवेल ते मुलांनी पाहावे, वहीत लिहावे: पाने समोरासमोर की एकाआड एक, चीक आहे की नाही, फूल सकाळी उमलले की संध्याकाळी. आजीला किंवा कामावर येणाऱ्या मावशींना नाव विचारावे. गाजरगवत निघाले तर कळी येण्याआधी उपटून टाकावे. बाकीच्यांना फूल येऊ द्यावे.